तीस वर्षें दोन पानांत

नोकरीच्या अर्जासोबत स्वतःच्या माहितीचे जे कागद जोडावयाचे असतात, त्यांना आपल्याकडे कोणी 'बायोडाटा' म्हणतात, कोणी 'सी. व्ही.', तर कोणी 'रेझ्युमे'. आपण हे शब्द एकाच अर्थानें वापरतों; परंतु त्यांचीं कुळें निराळीं आहेत. 'सी. व्ही.' हें 'करिक्युलम व्हिटे' या लॅटिन शब्दांचें लघुरूप असून त्याचा अर्थ 'आयुष्याची वाटचाल' असा होतो. 'रेझ्युमे' हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ 'सारांश'. श्रोतेहो, आजच्या विषयाचें मर्म या दोन अर्थांतच आहे. ज्याच्या नोकरीला पंचवीस-तीस वर्षें झालीं, तो लिहितो आयुष्याची वाटचाल. आणि ज्याला माणूस नेमावयाचा आहे, त्याला हवा असतो सारांश.

नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा एक पान भरतांना जेरीस येतो. खरी पंचाईत होते ती पन्नाशीच्या गृहस्थाची. कारखाना बंद पडतो, किंवा एक कंपनी दुसरींत विलीन होते. घरीं मुलांचीं शिक्षणें अर्धीं राहिलेलीं असतात. आणि इतक्या वर्षांनंतर प्रथमच स्वतःविषयीं लिहिण्याची पाळी त्याच्यावर येते. मी निवृत्त झाल्यापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे असे कागद मजकडे तपासावयास येतात. सात पानें, नऊ पानें, एकदां तर अकरा पानें! त्यांत दहावीचे गुण, टंकलेखनाच्या परीक्षा, पत्नीचें नांव, आवडते छंद, आणि शेवटीं 'वरील मजकूर सत्य आहे' असें लिहून सही. यांतलीं कांहीं कलमें तर लग्नाच्या बायोडाटांतून वाट चुकून इकडे आलेलीं असावींत. रास आणि गोत्र तेवढें राहिलेलें असतें!

आम्ही शाळेंत सारांशलेखन शिकवीत असूं. उतारा एक-तृतीयांश करावयाचा, हा नियम मुलांना पाठ असे. मग तीं प्रत्येक वाक्यांतले चार-दोन शब्द गाळीत आणि मूळचा धडधाकट उतारा लंगडा करून आणून देत. मोठीं माणसेंही नेमकें हेंच करतात. अक्षर बारीक करतात, समास अरुंद करतात, प्रत्येक ओळींतला एखादा शब्द खोडतात. आणि तीसच्या तीस वर्षें, जरा दाटीवाटीनें कां होईना, कागदावर ठेवतात. अशानें पानें कमी होतात, पण वाचणाऱ्याचे श्रम वाढतात. उतारा काय सांगतो हें एकदां ठरलें, म्हणजे वाक्येंच्या वाक्यें गळतात. तेव्हां प्रथम ठरवावयाचें तें एवढेंच, कीं हा कागद कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे? प्रश्न जाहिरातींत छापलेला असतो.

सुमारें १४८२ सालीं लिओनार्दो दा विंचीनें मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्याकडे आश्रय मागण्यासाठीं तयार केलेलें एक पत्र आज उपलब्ध आहे. लिओनार्दो तेव्हां तिशीचा होता आणि चित्रकलेंत तयार झालेला होता. परंतु पत्रांत त्यानें क्रमानें काय सांगितलें? उचलून नेतां येतील असे हलके पूल, वेढा घालण्याचीं साधनें, तोफा, आच्छादित रथ. शांततेच्या काळांतील इमारती, शिल्प आणि चित्रकला या गोष्टी अगदीं अखेरीस आल्या. ज्याला पत्र लिहावयाचें त्याला लढाईची चिंता आहे, हें त्यानें ओळखलें होतें. जगाला ज्या चित्रांसाठीं तो ठाऊक आहे, त्या कलेला त्यानें शेवटची ओळ दिली, आणि तरीही तिची किंमत कांहीं उणी झाली नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे येऊं. आरंभीं सर्व कांहीं एका वहींत लिहून काढावें: सालें, हुद्दे, यंत्रें, शिक्षणक्रम, बक्षिसें, सर्व. ही वही कोणाला पाठवावयाची नाहीं. ती आपल्यापाशीं ठेवावयाची. मग जाहिरात समोर घेऊन वहींतून तिला लागेल तेवढेंच उचलावें. सर्वांत अलीकडचें काम सर्वांत वर येऊं द्यावें. शेवटचीं दहा-पंधरा वर्षें सविस्तर, त्यापूर्वींच्या नोकऱ्या 'पूर्वीचा अनुभव' या मथळ्याखालीं एकेका ओळींत. एकाच कंपनींत पांच बढत्या मिळाल्या असतील, तर कंपनीचें नांव पांचदां लिहूं नये. हें सारें दोन पानांत बसतें.

भाषेंतही पुष्कळ भरताड असतें. एका गृहस्थांनीं लिहिलें होतें: 'देखभाल विभागांत अधीक्षक या पदावर कार्यरत असतांना यंत्रांची देखभाल करणें, नोंदवह्या ठेवणें, कामगारांवर देखरेख करणें व वरिष्ठांनीं वेळोवेळीं सोंपविलेलीं इतर कामें करणें इत्यादि जबाबदाऱ्या समर्थपणें पार पाडल्या.' अधीक्षक दुसरें काय करणार? त्यांना दहा प्रश्न विचारल्यावर ओळ निघाली ती अशी: 'देखभाल अधीक्षक, २००९ ते २०२१. हाताखालीं १४ कामगार. यंत्रें बंद राहण्याचे तास दोन वर्षांत निम्म्यावर आणले.' मूळच्या वाक्यांत हा शेवटचा पराक्रम नव्हताच! सांगण्यासारखें तेंच, आणि नेमकें तेंच माणूस संकोचानें गाळतो.

याच गृहस्थांनीं पहिलीं आठ वर्षें एका ओळींत आणण्यास मात्र कितीतरी दिवस नकार दिला. तो पहिला कारखाना आतां उरलेला नाहीं; त्या जागेवर उंच इमारती आल्या. रात्रपाळीच्या त्या आठ वर्षांची साक्ष देणारें या कागदाशिवाय दुसरें कांहीं नाहीं, असें त्यांचें म्हणणें. त्यावर मजपाशीं उत्तर नव्हतें, आणि खोटें समाधान मीं दिलें नाहीं. त्या आठ वर्षांचीं तीन पानें मीं त्यांना त्यांच्या वहींत, हवीं तेवढीं लांब, लिहावयास सांगितलीं. तीं त्यांनीं मुलीला वाचून दाखविलीं असें कळतें. त्यानंतर अर्जांतली ओळ एका संध्याकाळीं तयार झाली.

वयाविषयीं पुष्कळजण दबक्या आवाजांत विचारतात. खाजगी कंपनीनें विचारलें नसेल तर जन्मतारीख लिहिण्याची गरज नाहीं. पदवीचें सालही गाळतां येतें. यांत असत्य नाहीं. मात्र नोकरीचीं सालें बदलणें, मधला रिकामा काळ बुजविण्यासाठीं एका नोकरीची मुदत ताणणें, हें असत्यच. आणि जुनीं प्रमाणपत्रें तपासलीं गेलीं कीं तें उघडें पडतें. रिकामा काळ असेल तर एका ओळींत कारण द्यावें, तें आजारपण असो कीं आईची शुश्रूषा. आधार क्रमांक, पारपत्राचा क्रमांक, धर्म, जात हीं कलमें निःसंकोच काढून टाकावींत.

पुष्कळ मोठ्या कंपन्यांत हे कागद माणसाच्या हातीं पडण्यापूर्वीं संगणकाच्या प्रणालींतून जातात. नक्षीदार चौकटी आणि चित्रें तिला नीट वाचतां येतीलच असें नाहीं, म्हणून मांडणी साधी असावी. आणि जाहिरातींत कामाला जो शब्द वापरला असेल, तो आपल्याला खरोखर लागू असल्यास तोच वापरावा.

हें सर्व खाजगी नोकरीपुरतें आहे. सरकारी पदांसाठीं ठराविक नमुन्याचा अर्ज असतो; तेथें जन्मतारखेसह विचारलेली प्रत्येक गोष्ट भरावीच लागते, आणि काटकसर केली तर अर्ज बाद होण्याची भीति. विद्यापीठांतील प्राध्यापकपदासाठींही लेखांची व ग्रंथांची यादी संपूर्ण द्यावी लागते, मग ती वीस पानांची होवो. अशा वेळीं ती वही उघडावी.