गोलमेजचा कोट : कापड आणि अस्तर

बाबासाहेबांच्या जीवनावरील नाटके आज गावोगाव होतात. संवादांवर महिनाभर मेहनत घेतली जाते; कोट मात्र आदल्या दिवशी भाड्याने येतो. तो खांद्यावरून लोंबतो आणि दिव्यांखाली चकाकतो. ही बाब किरकोळ नाही, असे मी माझ्या महाविद्यालयातील नाटक करणाऱ्या मुलांना नेहमी सांगतो. मनुस्मृतीने चांडाळाला प्रेताची वस्त्रे नेमून दिली. ज्यांच्यासाठी असा कायदा लिहिला गेला, त्यांचा प्रतिनिधी नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत नेटक्या सुटात बसला. ती साहेबाची नक्कल नव्हती. तो समतेचा दावा होता. म्हणून तो कोट नीट समजून घेऊनच शिवला पाहिजे.

प्रथम कापड. टेरिलिन या पॉलिएस्टर धाग्याचा शोध ब्रिटनमध्ये १९४१ साली लागला. तेव्हा १९३०च्या कोटाला टेरिकॉट किंवा टेरिवूल चालणार नाही, लोकरच हवी. त्या काळचे विलायती सुटिंग आजच्यापेक्षा बरेच जड असे. आपल्याकडे प्रयोग बहुधा एप्रिलच्या उकाड्यात होतात, म्हणून मध्यम वजनाची, चमक नसलेली लोकर घ्यावी. दुकानात कापड मुठीत आवळून सोडावे; चांगल्या लोकरीच्या चुण्या लवकर मोकळ्या होतात. दोन-चार धागे ताटलीत जाळून पाहावेत. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

रंगाबाबत घाई नको. पुतळ्यांचा निळा कोट हा चळवळीच्या झेंड्याशी जोडलेला रंग आहे आणि तो आपल्याला प्रिय आहे. परंतु कृष्णधवल छायाचित्रातून रंग कळत नाही, केवळ गडदपणा कळतो. ऐतिहासिक प्रसंगासाठी गडद करडा किंवा काळपट निळा रंग सुरक्षित. पुण्यातील सिम्बायोसिसच्या संग्रहालयात आणि नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केल्या आहेत. शक्य असेल त्यांनी त्या आधी पाहाव्यात.

आता अस्तर. व्हिस्कोस, म्हणजे तेव्हाचे कृत्रिम रेशीम, ब्रिटनमध्ये १९०५ पासून कारखान्यात तयार होत होते. म्हणून ते काळाला धरून आहे, शिवाय घाम शोषते. पॉलिएस्टरच्या अस्तरात नट घामाने निथळतो. बाहीला पांढऱ्यावर बारीक रेघांचे अस्तर लावण्याची जुनी रीत आहे. अस्तर आटणारे असेल तर ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतावे. पाठीच्या मध्यभागी त्याला एक चूण ठेवावी. नाहीतर भाषणात हात उंचावताच शिवण ताणते. कापड आणि अस्तर यांच्यामध्ये छातीला केसाळ कॅनव्हास हाताच्या टाक्यांनी बसवावा. इस्त्रीने चिकटवायचे बक्रम पुढच्या काळातले आहे. त्याने लॅपल पुठ्ठ्यासारखी सपाट बसते.

हे सारे सर्वांना परवडेलच असे नाही. पैसे कमी पडले तर कापडात तडजोड करावी, लोकरमिश्रित घ्यावे, अस्तर साधे सुती लावावे. मापात मात्र तडजोड करू नये. जो नट बाबासाहेब होणार आहे, त्याच्याच खांद्याचे, छातीचे आणि बाहीचे माप घेऊन कोट शिवावा. दुसऱ्याच्या अंगावरचे उतरलेले कपडे आपल्या पिढ्यांनी पुष्कळ वापरले. निदान रंगमंचावरचा हा कोट तरी तसा नसावा.