धावायचंय ना? मग सायकल दामटा!

पहिली हाफ मॅरेथॉन मारायची तर रोज धावायलाच हवं, असं कुणी सांगितलं? जिमच्या कोपऱ्यातली ती स्पिन बाइक तुमच्या गुडघ्यांची सगळ्यात जवळची मैत्रीण ठरू शकते. फक्त तिच्याकडून काय मागायचं आणि काय नाही, हे माहीत हवं.

पावसाळा सुरू झाला की ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी एक विषय हमखास निघतो. 'यंदा ड्रीम रन नाही हं, डायरेक्ट हाफ!' एक जण म्हणतो, दुसरी हो ला हो करते आणि लंच टाइमपर्यंत पाच जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार! नवे शूज येतात, फोनवर रनिंगचं अ‍ॅप येतं. पहिले दोन आठवडे एकदम झकास. तिसऱ्या आठवड्यात नडगी ठणकायला लागते. चौथ्यात गुडघा कुरकुरतो. आणि पाचव्या आठवड्यात शूज परत खोक्यात!

यात आळसाचा दोष कमी आणि घाईचा जास्त. धावायला लागलं की हृदय आणि फुप्फुसं पटकन तयार होतात. आठ-दहा किलोमीटर 'आरामात जमतील' असं वाटायला लागतं. पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा सरकारी फायलीच्या वेगानं तयार होतात. त्यांना महिने लागतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. ७० किलोच्या माणसाचं गणित तुम्हीच करा! दम वाढला पण पाय मागे राहिले, की शिन स्प्लिंट, रनर्स नी आणि फारच ताणलं तर हाडाला बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. मग जानेवारीतली रेस टीव्हीवर बघायची.

इथेच सायकल कामाला येते.

दम वाढवा, गुडघे वाचवा

स्पिनिंगचा फंडा तसा जुना. १९८०च्या दशकात जॉनी गोल्डबर्ग या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या सायकलपटूनं अमेरिकेत घरच्या घरी सरावासाठी जड चाकाची सायकल बनवली. पुढे तीच म्युझिक आणि डिस्को लाइट्सच्या साथीनं जगभरच्या जिममध्ये पोचली.

धावणाऱ्यांसाठी तिचा फायदा साधा आहे. वजन सीटवर असतं, पाय जमिनीवर आपटत नाहीत, पण हृदयाला काम तेवढंच मिळतं. म्हणजे दम वाढवायचा आणि हाडांना मात्र तेवढा वेळ सुट्टी द्यायची. त्यात आपल्याकडचं हवामान बघा. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यात खड्डे की खड्ड्यात रस्ते तेच कळत नाही आणि ऑक्टोबर हीटमध्ये सकाळी सातलाच टी-शर्ट पिळून निघतो. नाइट शिफ्टवाल्यांना आणि रात्री नऊला घरी पोचणाऱ्यांना तर अंधाऱ्या रस्त्यापेक्षा जिम केव्हाही बरी.

आणखी एक गंमत. मिनिटाला १७० पावलं पडणारा धावपटू एका पायानं ८५ पावलं टाकतो. सायकलवर मिनिटाला ८५ ते ९५ वेळा पेडल फिरवलं की पायांना साधारण तीच लय मिळते. पाय लांब फेकत धप्‌धप्‌ पळण्याची सवय असलेल्यांना याचा छान उपयोग होतो.

सीट नीट, तर सगळं नीट

जिममध्ये आपल्या आधी सहा फुटी कुणीतरी बसून गेलेला असतो आणि आपण तसंच चढून सुरू होतो. गुडघे दुखायचं निम्मं कारण इथेच आहे. दोन मिनिटं द्या:

• सायकलच्या बाजूला उभे राहा. सीटची उंची तुमच्या कमरेच्या हाडाशी आणा.

• बसल्यावर पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. पाय पूर्ण ताठ झाला किंवा कंबर डावी-उजवी डुलायला लागली, तर सीट फार वर आहे.

• दोन्ही पेडल आडव्या रेषेत असताना पुढचा गुडघा साधारण पेडलच्या मधल्या दांड्याच्या वर यायला हवा. नाही आला, तर सीट पुढे-मागे सरकवा.

• हँडल सुरुवातीला सीटपेक्षा थोडं वरच ठेवा. दिवसभर कॉम्प्युटरसमोर वाकलेली पाठ तुम्हाला दुवा देईल.

आणि एक महत्त्वाचं. बहुतेक स्पिन बाइकचं जड चाक पेडलशी थेट जोडलेलं असतं. तुम्ही थांबलात तरी पेडल फिरतच राहतात. त्यामुळे झटक्यात पाय काढू नका. ब्रेकची जागा आधीच विचारून ठेवा. बऱ्याच बाइक्सवर रेझिस्टन्सची खुंटी खाली दाबली की चाक थांबतं.

तीन सेशन्स पुरे

क्लासमधला इन्स्ट्रक्टर गाण्याच्या तालावर डिप्स मारायला लावेल, हातात डंबेल्स देईल. मजा म्हणून ठीक. पण हाफच्या तयारीसाठी हे तीन प्रकार पुरतात.

निवांत: ४० मिनिटं, हलका रेझिस्टन्स, ८५ ते ९५ची लय. शेजारच्या सायकलवरच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात गॉसिप करता आलं पाहिजे. दम लागून वाक्य तुटलं तर वेग कमी करा.

जोरात: १० मिनिटं वॉर्म-अप. मग ३ मिनिटं जोरात, २ मिनिटं हळू, असं पाच वेळा. 'जोरात' म्हणजे दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. शेवटी १० मिनिटं हळूहळू थांबणं.

चढ: रेझिस्टन्स वाढवा, लय ६० ते ७०वर आणा आणि बसूनच ५ मिनिटं रेटा. मधे ३ मिनिटं हलकं. असं चार वेळा. मुंबई मॅरेथॉनवाल्यांच्या गप्पांत पेडर रोडच्या चढाचे किस्से असतातच, ते या सेशनला आठवा. आणि २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमधला यवतेश्वर घाट ज्यांना खुणावतोय, त्यांनी तर हे सेशन चुकवूच नये.

हार्ट रेट दाखवणारं घड्याळ असेल तर गोंधळू नका. तेवढाच दम लागला तरी सायकलवर आकडा बऱ्याच जणांचा धावण्यापेक्षा पाच-दहा ठोक्यांनी कमीच दिसतो. आकडा गाठायच्या नादात पायांची वाट लावू नका.

आठवडा असा लावा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून १६ आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा शेवट येतो. तोवर न थांबता ५ किलोमीटर धावता येत असेल तर हे वेळापत्रक जमेल:

सोमवार: पूर्ण आराम

मंगळवार: ५ ते ७ किलोमीटर निवांत धावणं

बुधवार: सायकल, जोरात किंवा चढ

गुरुवार: २० मिनिटं स्क्वॉट्स, लंजेस, प्लँक, पोटऱ्यांचे व्यायाम

शुक्रवार: ५ किलोमीटर धावणं, मधला थोडा भाग वेगात

शनिवार: ३० मिनिटं निवांत सायकल, पाय जड असतील तर सुट्टी

रविवार: लाँग रन

लाँग रन ८ किलोमीटरपासून सुरू करा. ९, १० असं वाढवा आणि चौथ्या आठवड्यात परत ८वर या. मग ११, १२, १३ आणि १०. पुढे १४, १५, १६ आणि १२. नंतर १७, १८. रेसच्या आदल्या रविवारी फक्त १२. दर चौथ्या आठवड्याची ही माघार म्हणजे आळस नाही. हाडं आणि कंडरा नेमक्या तेव्हाच भरून निघतात.

शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत बुधवारी एक प्रयोग करा. सायकलवरून उतरल्या उतरल्या १० मिनिटं धावा. पाय दुसऱ्याच कुणाचे तरी वाटतील. सोळाव्या-सतराव्या किलोमीटरला साधारण तसंच वाटतं. पायांना त्याची ओळख आधीच झालेली बरी.

सायकलला हे जमत नाही

आता थोडं कटू सत्य. सायकल कितीही मारली, तरी ती रविवारच्या लाँग रनची जागा घेत नाही. हाडं मजबूत होतात ती आपटण्यानं आणि सायकलवर तेच तर नसतं. उतारावर पाय रोखताना मांड्यांना जे काम पडतं, तेही सायकलवर मिळत नाही. म्हणून सहा दिवस सायकल आणि सातव्या दिवशी २१.०९७ किलोमीटर हा हिशोब जुळत नाही. दम टिकेल, पाय नाही टिकणार. आठवड्यातले तीन दिवस धावणं सोडायचं नाही.

दुसरं म्हणजे आपलं बसणं. नऊ तास खुर्चीत, दीड तास लोकलमध्ये नाहीतर कॅबमध्ये आणि वर परत सायकलच्या सीटवर! मांडीच्या वरचे, जांघेतले स्नायू आखडून जातात आणि धावताना पाऊल मोकळं पडत नाही. सायकलनंतर एक गुडघा जमिनीवर टेकून कंबर पुढे ढकलायचा स्ट्रेच दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट करा. गुरुवारचा व्यायामही याचसाठी आहे.

पहिल्याच दिवशी हिरोगिरी नको

नव्या लोकांनी पहिल्या दिवशी पाऊण तासाच्या फुल्ल स्पीड क्लासला बसणं खरंच धोक्याचं आहे. मांडीचे मोठे स्नायू सवय नसताना एवढे राबले, तर त्यांचे तंतू तुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि किडनीवर ताण येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. पहिल्या स्पिन क्लासनंतर थेट हॉस्पिटलात भरती झालेल्यांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांमध्ये आहेत आणि त्यात चांगले धडधाकट तरुण आहेत. क्लासनंतर एक-दोन दिवसांत मांड्या सुजल्या, जिना चढवेना आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर तेल चोळत बसू नका. तडक हॉस्पिटल गाठा.

यावर उपाय अगदी सोपा आहे. पहिले दोन आठवडे २०-२५ मिनिटंच, हलक्या रेझिस्टन्सवर. शेजारचा काय करतोय ते बघायचं नाही. बंद खोलीत वारा लागत नाही, घाम धो-धो येतो. म्हणून पंख्याजवळची सायकल पकडा, पाण्याची बाटली हाताशी ठेवा.

दुखण्याचंही तसंच. नुसते स्नायू आंबले असतील तर निवांत सायकलनं बरं वाटतं. पण नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर सायकलही नको आणि धावणंही नको. आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर. छातीत दुखणं, चक्कर, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार, यातलं काही असेल तर ट्रेनिंग सुरू करण्याआधीच तपासणी करून घ्या.

शेवटच्या आठवड्यात सायकलचं फक्त एक हलकं सेशन, वीसेक मिनिटांचं, तेही मंगळवार-बुधवारपर्यंत. त्यानंतर पायांना विश्रांती. पाय ताजे असलेले बरे, मग लय आपोआप सापडते.

तर मंडळी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी कोण किती किलोमीटर धावलं याची जुगलबंदी चालू दे. तुम्ही बुधवारी चुपचाप जिम गाठा, सीटची उंची लावा आणि हेडफोनवर आवडती गाणी सुरू करा. रेसच्या दिवशी पहाटे स्टार्ट लाइनवर उभं राहायचं तर धडधाकट पाय लागतात. तिथवर पोचलात की निम्मी मॅरेथॉन जिंकलीच. बाकीची निम्मी त्या दिवशी!