लॉगिननंतर कुठे न्यायचे, हे लिंकने ठरवू नये

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या लहान रासायनिक कारखान्याचा सरकारी व्यवहार आता बराचसा पोर्टलवरूनच होतो. 15 तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयसी, दरमहा विवरण भरणाऱ्यांना 20 तारखेला जीएसटीआर-3बी, 30 जूनपर्यंत घातक कचऱ्याचा फॉर्म 4, 30 सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र, शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचे नूतनीकरण. लहान युनिटमध्ये हे सगळे बहुधा एकच अकाउंटंट किंवा बाहेरचा कन्सल्टंट पाहतो. मुदत तोंडावर आलेली असते, मेलमध्ये लिंक येते, तो ती उघडतो, पासवर्ड टाकतो आणि थेट हव्या त्या फॉर्मवर पोचतो. ही सोय त्याला मिळायलाच हवी. प्रश्न एवढाच, की त्याला त्या फॉर्मवर नेले कोणी?

बऱ्याच अ‍ॅप्लिकेशन्समध्ये लॉगिनच्या पत्त्याला प्रश्नचिन्हानंतर 'नेक्स्ट' किंवा 'रिटर्न यूआरएल' नावाचे एक शेपूट असते आणि पुढचे पान त्यात लिहिलेले असते. पासवर्ड बरोबर निघाला की सर्व्हर 302 असा संकेत आणि तो पत्ता ब्राउझरला देतो, ब्राउझर मुकाट्याने तिकडे जातो. आता लिंक बनवणाऱ्याने त्या शेपटात स्वतःच्या बनावट साइटचा पत्ता घातला आणि सर्व्हरने तो तपासलाच नाही, तर खऱ्या पोर्टलवर खरा पासवर्ड टाकलेल्या माणसाला ते पोर्टलच बनावट पानावर नेऊन सोडते. तिथे हुबेहूब तोच लोगो असतो आणि 'पासवर्ड चुकला, पुन्हा टाका' अशी सूचना. वापरणाऱ्यानेच पत्ता नीट पाहावा, असे यावर सांगितले जाते. पण त्याने पाहिला तेव्हा तो खराच होता, कुलपाची खूणही खरी होती. लॉगिन झाल्यानंतर पत्ता पुन्हा वाचण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे अन्यायाचे आहे. ही जबाबदारी सर्व्हरची, म्हणजे तो लिहिणाऱ्याची आणि विकणाऱ्याची.

तपासणीही वरवरची चालत नाही. पत्ता तिरक्या रेघेने सुरू होतो म्हणजे तो आपल्याच साइटचा, हे गृहीतक चुकीचे आहे: सुरुवातीला अशा दोन रेघा असल्या की ब्राउझर पुढचा मजकूर दुसऱ्या साइटचे नाव समजतो, आणि उलटी रेघही तो सुलटीसारखीच वाचतो. पत्त्यात आपल्या पोर्टलचे नाव कुठेतरी आहे का, एवढेच पाहणारी तपासणीही कुचकामी, कारण ते नाव परक्या पत्त्यातही सहज घुसवता येते. म्हणून जँगोसारख्या फ्रेमवर्कमधली तयार तपासणी वापरावी, किंवा त्याहून बरे म्हणजे परवानगी असलेल्या पानांची यादी सर्व्हरवरच ठेवून लिंकमध्ये फक्त सांकेतिक क्रमांक द्यावा.

वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत हा दोष 2010 आणि 2013 साली होता, 2017 साली वगळला गेला. मग एवढी काळजी कशाला, असे कोणी विचारील. वगळतानाही तो सुमारे 8 टक्के अ‍ॅप्लिकेशन्समध्ये आढळल्याची नोंद ओवास्पनेच केली होती. शिवाय दुसऱ्या सेवेच्या खात्यावरून लॉगिन करण्याच्या ओऑथ पद्धतीत वळवलेल्या पत्त्याबरोबर प्रवेशाचा कोडही जातो. त्यामुळे ओऑथच्या सुरक्षेविषयीच्या जानेवारी 2025च्या आरएफसी 9700 या मार्गदर्शक दस्तऐवजाने तो पत्ता आधी नोंदवलेल्या पत्त्याशी अक्षरशः जुळलाच पाहिजे, असे बजावले. दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे: सगळ्यांना डॅशबोर्डवरच न्या, कटकट मिटेल. मिटेल खरी, पण लांबलचक फॉर्म भरताना सेशन संपलेल्या माणसाला मुदतीच्या संध्याकाळी पुन्हा मेनू धुंडाळावा लागेल. सुरक्षिततेची किंमत त्याच्या वेळातून वसूल करण्याचे कारण नाही.

कारखान्यासाठी नवे सॉफ्टवेअर घेताना पुरवठादाराला हे समोर करून दाखवायला सांगावे: लॉगिनच्या शेपटात परक्या साइटचा पूर्ण पत्ता घालून, मग दोन तिरक्या रेघांनी, मग उलट्या रेघेने. तिन्ही वेळा लॉगिननंतर आपल्याच डॅशबोर्डवर उतरलो, तरच बिल पास करावे.