जुना संगणक भंगारात देण्याआधी

शिवणयंत्र अडलं म्हणून आपण ते लगेच विकायला काढत नाही. आधी सुई बघतो, मग दोरा, मग बॉबिन, मग पट्टा. जुना संगणक बंद पडला की मात्र "गेला" म्हणून त्याच्यावर कापड टाकतो आणि भंगारवाल्याची वाट बघतो. आज आपण संगणकाकडेही शिवणयंत्रासारखंच बघायचं आहे.

वीस वर्षांपूर्वीचे, पेटीचा आणि जाड काचेच्या टीव्हीसारखा पडदा असलेले संगणक अजून बऱ्याच गटांकडे, शाळांकडे आणि घरांत आहेत. त्यांच्यात बचतीची खाती, कर्जाचे हप्ते आणि सभासदांची कागदपत्रं असतात. म्हणून संगणक बंद पडला की पेटीच्या किमतीपेक्षा त्यातल्या हिशोबाची काळजी मोठी असते.

बिघाड शोधायची रीत आपल्याला माहीत आहे. महिनाअखेरीला दहा रुपयांचा फरक आला, तर आपण सगळी वही फाडून नवी लिहीत नाही. एकेक पान तपासत जातो. इथेही तसंच. बाहेरून आत जायचं, सोप्याकडून अवघडाकडे जायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही. काय केलं आणि काय झालं, ते वहीत तारखेसह लिहायचं.

पहिला प्रश्न विजेचा. बोर्डात वीज आहे का? त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून बघा. पेटीच्या मागची जाड वायर घट्ट बसली आहे का? तिथेच एक छोटं बटण असतं, झाडताना ते कधी कधी बंद होतं. काही जुन्या पेट्यांना मागे एक लाल खटका असतो, त्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून वीज दिली तर आतला विजेचा डबा जळतो.

दुसरा प्रश्न पडद्याचा. पडदा काळा आहे, पण त्याचा नारिंगी दिवा लागलाय? मग बहुतेक वेळा पडदा चांगला असतो आणि पेटीकडून त्याला चित्र येत नसतं. दोघांमधली वायर काढून तिच्या पिना वाकल्यात का ते बघा आणि पुन्हा स्क्रूने घट्ट बसवा.

इथवर उत्तर मिळालं नाही तरच पेटी उघडायची. त्याआधी वायर बोर्डातून पूर्ण काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग पेटीचं चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरायचं. धातूच्या बांगड्या काढून ठेवा, पदर खोचून घ्या, हात कोरडे करा आणि आत बोट घालण्याआधी पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगावरची स्थिर वीज त्यात उतरते, नाहीतर आतले नाजूक भाग तिने खराब होतात. कुठलीही वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

दोन वस्तू मात्र आपण कधीही उघडायच्या नाहीत. एक म्हणजे पेटीतला विजेचा पत्र्याचा डबा, त्याला एसएमपीएस म्हणतात. दुसरा तो जाड काचेचा पडदा. त्याच्या नळीत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ आत राहू शकतो. ही कामं जाणकाराचीच.

पेटी उघडली की पहिल्यांदा दिसते ती धूळ. संगणक सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद पडत असेल, तर पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांत धुळीची गोधडी बसलेली असण्याची शक्यता जास्त. त्या पट्ट्या मुख्य चिपची उष्णता बाहेर टाकतात. पंख्याचं पातं बोटाने धरून कोरड्या, मऊ रंगाच्या ब्रशने धूळ काढा. ओलं फडकं अजिबात नको.

संगणक सुरू होताना सारखे बीप वाजतात आणि पडद्यावर काही येत नाही? मग रॅम बघा. ती एक लांबट, पातळ पट्टी असते आणि तिला सोनेरी दात असतात. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की ती वर येते. पावसाळ्यातल्या दमट हवेने दातांवर मळ चढतो. पट्टी पेटीपासून लांब नेऊन ते दात शाळेच्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, कचरा झटका आणि खाच जुळवून पट्टी पुन्हा दाबा. खिट्ट्या 'टक्' करून बसल्या पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, त्यातली खराब कोणती ते कळेल.

आता आमच्या गटाचा अनुभव सांगतो. आमचा संगणक चालत होता, पण रोज सकाळी त्याची तारीख २००२ सालात जायची. हिशोबात त्यामुळे एका ताईंचा हप्ता कर्ज घेण्याच्या कितीतरी आधीच भरलेला दिसायला लागला. बैठकीत कुजबुज सुरू झाली. कागदाची रोजकीर्द होती म्हणून खरी तारीख सापडली आणि ताईंच्या नावावरचा संशय गेला. दोष होता आतल्या नाण्याएवढ्या सेलचा. मदरबोर्डवरचा हा सेल संगणक बंद असतानाही घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की तारीख मागे जाते आणि सुरू होताना पडदा 'एफ १ दाबा' म्हणून अडून बसतो. सेलवर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं, तो घड्याळाच्या दुकानात मिळतो. अधिकची खूण वर ठेवून नवा बसवायचा आणि तारीख पुन्हा लावायची. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, मुलाला तडक दवाखान्यात न्या.

काही खुणा दिसल्या की आपण थांबायचं. मदरबोर्डवर छोटी नळकांडी असतात, त्यांची डोकी सपाट हवीत. ती पुरीसारखी फुगली असतील किंवा त्यातून तपकिरी चिकट काही आलं असेल, तर ती बदलायला डाग देणारा कारागीर लागतो. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या अनेक संगणकांत हा दोष निघाला आहे. दुसरी खूण म्हणजे हार्ड डिस्कमधून येणारा टिक-टिक आवाज. हिशोब तिच्यातच असतो. हा आवाज आला की संगणक लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. पेटी सुधारायची की नाही ते नंतर, आधी हिशोब बाहेर काढून द्यायला सांगा.

संगणक सुरू झाला की पहिलं काम हिशोबाच्या दोन प्रती काढायचं. एक पेन ड्राइव्ह कचेरीत आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. त्यात विंडोज एक्सपी असेल तर तो इंटरनेटला जोडू नका, बँकेचं काम त्यावर तर नकोच. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली. हिशोब आणि पत्रं लिहायला तो अजून चालतो.

सगळं करूनही संगणक उठला नाही, तर द्यावाच लागेल. पण आधी हार्ड डिस्क काढून घ्या, त्यात सभासदांच्या आधारच्या प्रती असतात. तांब्यासाठी वायरी जाळू देऊ नका, तो धूर विषारी असतो. जाड काचेत आणि जुन्या डागांत शिसं असतं, म्हणून पडदा फोडू नका. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडेच सगळं द्या.

पुढच्या बैठकीला एक ब्रश, एक खोडरबर, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक कोरी वही घेऊन बसा. दोघींनी पेटी उघडायची आणि तिसरीने लिहायचं. वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख टाका आणि संगणकाची तारीख तिच्याशी जुळते का ते आधी बघा.