घर पाहताना बोअरचं पाणीही पाहा

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात घर घेताना लोक दर, रस्ता, वास्तू बारकाईनं बघतात. वैनगंगेकाठची वस्ती असेल तर पुराचीही चौकशी करतात. बोअरच्या पाण्याकडे मात्र फारसं लक्ष जात नाही, आणि मला तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. शेजारीच भरवेलीला मॉयल या कंपनीची मँगनीजची खाण आहे, म्हणजे इथल्या खडकातच मँगनीज आहे. प्राणवायू कमी असलेल्या भूजलात मँगनीज विरघळून राहतं, पाणी नितळ दिसतं. हवा लागली की हळूहळू काळपट साका धरतो. तो आहे का हे पाहायला फ्लशच्या टाकीचं झाकण काढा, आतून बोट फिरवा. घर नव्यानं रंगवलेलं असलं तरी ही जागा सहसा कुणी घासत नाही. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मँगनीज चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर ०.३. इसार देण्याआधी पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्याच.