पेढीतील स्वयंचलित दिवे : बचत कोठे, गैरसोय कोठे?

माणूस खोलीत आला की दिवा लागावा आणि तो गेल्यावर आपोआप विझावा, ही सोय आता पेढ्या, कार्यालये आणि गोदामांत रूढ होऊ लागली आहे. व्यापारी घराला तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. २० वॉटच्या १० ट्यूब रोज ३ तास विनाकारण जळत राहिल्या, तर ३०० दिवसांत १८० युनिट वीज वाया जाते. शिवाय पावसाळ्यात रिकाम्या खोलीतील दिव्यावर झेपावणाऱ्या जीवांची हानी टळते, हा लाभ आपल्या दृष्टीने पैशाहून मोठा.

तथापि एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. रोजमेळ जुळवीत बसलेल्या मुनीमजींच्या डोक्यावरचा दिवा मध्येच मालवतो आणि बेरीज सोडून त्यांना हात हलवावा लागतो. हा यंत्राचा बिघाड नव्हे, स्वभाव आहे. बहुतेक सेन्सर शरीरातून निघणारी अवरक्त उष्णता टिपतात. पण ती जागा बदलली, तरच त्यांना माणसाची चाहूल लागते. निश्चल बसलेला माणूस त्यांच्या लेखी अनुपस्थितच! ही उष्णता काचेच्या आरपारही जात नाही. म्हणून बाहेरच्या दालनातील सेन्सरला काचेच्या केबिनमधील व्यक्ती कळत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. मार्गिका, जिना, स्वच्छतागृह येथे सेन्सर अवश्य बसवावा. हिशेबाच्या मेजावर मात्र साधे बटणच बरे. तेथील एक ट्यूब अर्धा तास अधिक जळली, तरी खर्च अवघा ०.०१ युनिट! सेन्सर हवाच असेल, तर दिवा विझण्याचा अवधी १५ ते २० मिनिटांचा करून घ्यावा. आडोसे असलेल्या दालनात अवरक्त आणि ध्वनिलहरी अशा दोन्ही पद्धतींनी चालणारा सेन्सर निवडावा.

गोदामाच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. उंच रॅकच्या आड शिडीवर उभा असलेला हमाल सेन्सरला दिसत नाही. अशा वेळी अंधार झाला, तर तोल जाऊन जिवावर बेतू शकते. म्हणून काम चालू असेतो प्रत्येक रांगेत किमान एक दिवा सतत तेवत राहील, अशी जोडणी असावी.

इलेक्ट्रिशियनला बोलावण्यापूर्वी मुनीमजींना आणि हमालांना एकदा विचारावे : आपण कोठे बसता, कोठे चढता? दिवे कोठे आपोआप विझावेत, हे त्यांच्या उत्तरावरून ठरवावे.