अंग का खाजते?

दिवाळी सरून थंडी पडू लागली, की घरोघर एक तक्रार ऐकू येते. गाल तडतडतात, ओठ फुटतात आणि रात्री अंथरुणात शिरले की अंग खाजू लागते. शिक्षकबंधूंना तर हे वर्गातच दिसते. नखाने पोटरीवर पांढऱ्या रेघांनी स्वतःचे नाव लिहून दाखवणारी मुले कुणी पाहिली नाहीत?

आमच्या वडिलांना सत्तरीनंतर दर हिवाळ्यात अशी खाज सुटू लागली. त्यांनी ठरवले, अंगावर मळ साचला. मग काय, बंबातले कढत पाणी, दोनदा साबण आणि वर घासणी! जितके घासावे तितकी खाज वाढे. शेवटी डॉक्टरांनी सांगितले, "आजोबा, हा मळ नव्हे. तुम्ही भिंतच खरवडताय."

ही भिंत म्हणजे कातडीचा सर्वांत वरचा थर. मृत पेशी या त्याच्या विटा आणि मधले स्निग्ध पदार्थ हा चुना. भिंत धड असली की अंगातले पाणी आत टिकते. कढत पाणी आणि साबण हा चुना धुऊन नेतात. थंडीची कोरडी हवा फटींतून पाणी ओढून घेते. म्हातारपणी अंगचे तेलही कमी सुटते. म्हणजे तुटवडा मुळात पाण्याचा. वरून लावलेल्या तेलाचे काम शेताच्या बांधासारखे, असलेले पाणी अडवण्याचे.

बांध घालायचा तो पाणी असताना. आपल्याकडे तेल आधी आणि आंघोळ मागून, अशी रीत आहे. दिवाळीच्या अभ्यंगाला ती शोभते, पण लावलेले बरेचसे तेल साबणाबरोबर वाहून जाते. रोज असे करा : पाणी कोमट घ्या, आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरका. साबण काखा, जांघा, पाय एवढ्यालाच पुरे. पंचाने अंग टिपा, चोळू नका, आणि ते ओलसर असतानाच खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. चेहऱ्याला अगदी पातळ हात द्या. मुरुमे असतील तर तिथे खोबरेल नको.

मात्र प्रत्येक खाज कोरडेपणाची नसते. रात्री खाज असह्य होते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेला पुळ्या दिसतात आणि घरातल्या आणखी कुणालाही खाजते, तर ती बहुधा खरूज. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यामुळे होते, तेलाने जात नाही. खाज नसली तरी घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यावे लागते. गुरुजी, अशा मुलाला 'घाणेरडा' म्हणून वेगळे बसवू नका. पालकांना आरोग्य केंद्राची वाट दाखवा.

आणि दुकानदाराने दिलेली 'खाजेची ट्यूब' मनाने चोळू नका. अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, पुढे चेहऱ्याची कातडी पातळ व लाल होते, गजकर्ण असेल तर ते पसरते. केंद्र सरकारने 2018 साली अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावयाच्या औषधांत घातली, ती उगीच नव्हे. तेल लावूनही दोन-तीन आठवड्यांत खाज हटली नाही, तर तपासून घ्या. मूत्रपिंड, यकृत यांचे विकारही कधी कधी खाजेनेच हाक मारतात.

आमच्या वडिलांनी घासणी टाकली आणि तेलाची वाटी न्हाणीघराच्या दाराशी आणून ठेवली. पंधरा दिवसांत त्यांना रात्रीची झोप लागू लागली.